बिनदह्याचा हिवाळा

आमची मुलगी लंडनजवळच्या स्लाऊमधल्या एका गोदामात तांदळाची जपानी दारू बनवते. हे वाक्य सरळ म्हणायला मला तीन वर्षं लागली. हॅरोच्या आमच्या मराठी बायकांमध्ये मी "ती फूड सायन्समध्ये आहे" असं सांगून वेळ मारून न्यायचे.

या हिवाळ्यात तिच्या जपानी गुरूंनी पहिल्यांदाच एक अख्खी टाकी तिच्यावर सोपवली. उंची साके, म्हणजे हीच तांदळाची दारू, करायची, म्हणून तांदळाचा दाणा घासून घासून निम्माच ठेवलेला. तो घड्याळ लावून भिजवायचा, वाफवायचा आणि उबदार खोलीत पसरून त्यावर कोजी नावाची बुरशी वाढवायची. पोरीला जेवायची शुद्ध नव्हती. मी दहीभाताचा डबा घेऊन गोदामात थडकले.

दारातच तिनं हात आडवा धरला.

"आई, स्टॉप! तू आज दही खाल्ला?"

"रोजच खाते. मग?"

"मग कोजी रूममध्ये अलाउड नाही. दह्याचा बॅक्टेरिया आत गेला तर माझा होल बॅच रुइन होईल."

मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये जन्मभर जंतू तपासून रिटायर झालेली बाई, आणि ही मला बॅक्टेरिया शिकवणार! तणतणत परत फिरले. गाडीत बसल्यावर मात्र पटलं, की माझ्या लॅबमध्ये असा डबा घेऊन कुणी शिरलं असतं तर मी त्याला दारात उभं केलं नसतं. हिनं तर सख्ख्या आईला अडवलं. एवढा अभिमान मला तिच्या डिग्रीच्या दिवशीही वाटला नव्हता.

घरी नवऱ्यानं सांगितलं, ती भाड्यानं खोली बघतेय. आमच्या घरात रोज दही लागतं, हे तिला माझ्या तोंडावर बोलवत नव्हतं.

या देशात आल्यापासून एक दिवस खंड न पडलेलं विरजण मी त्या संध्याकाळी सिंकमध्ये ओतलं. भांडं उकळत्या पाण्यानं धुतलं. जिवावर आलं, खोटं कशाला बोलू. तिला एवढंच म्हटलं, "खोली बघू नकोस."

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका घरी जमल्या. काकडीची कोशिंबीर नुसतीच लिंबू पिळून केलेली.

"अगं, दही नाही? तब्येत बरी आहे ना?" एका मैत्रिणीनं विचारलं.

"ठणठणीत आहे. माझी मुलगी दारू बनवते. तिची पहिली टाकी आहे. ती बाटल्यांत भरेपर्यंत या घरात दही लावायचं नाही."

मुलगी तिथे नव्हती, कोजी उलथायला गेली होती. बरंच झालं, माझे भरलेले डोळे तिनं पाहिले नाहीत.

"आणि तुझं इतक्या वर्षांचं विरजण?" मैत्रीण हळूच म्हणाली.

"तुझ्याकडून मागून आणीन की," मी म्हटलं आणि तिला कोशिंबीर वाढली.