डाव्या मनगटावरचं ॲसिड

मेडिकलची प्रवेश परीक्षा मी तीनदा दिली. बारावीबरोबर एकदा, आणि नंतर दोन वर्षं ड्रॉप घेऊन दोनदा. तिसऱ्यांदाही नंबर लागला नाही. बाबा स्टील प्लांटच्या टाइम ऑफिसात, कामगारांची हजेरी ठेवतात तिथे, क्लार्क होते, ते नेहमीच्या वेळी जनरल शिफ्टला निघून गेले. आईने माझी कोचिंगची पुस्तकं एका खोक्यात भरली आणि खोकं पलंगाखाली सरकवलं. आठवड्याभराने बाबांनी दुर्गच्या एका कॉलेजचा फॉर्म आणला आणि स्वतःच भरला. बी.एस्सी., विषय केमिस्ट्री, बॉटनी, झूलॉजी. त्यांनी बोट ठेवलं तिथे मी सही केली.

मग रोज सकाळी प्लांटच्या वसाहतीतल्या सेक्टर दहाच्या आमच्या क्वार्टरमधून निघायचं, शेअर ऑटो पकडायची आणि दुर्गला जायचं. केमिस्ट्री आवडते का, असं कोणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. मॅडम फळ्यावर लिहायच्या ते मी वहीत उतरवायची. अक्षर चांगलं यायचं. वर्गातल्या मुली माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान, त्या कँटीनला जायच्या तेव्हा मला बोलवायच्या, मी नको म्हणायची. हळूहळू त्यांनी बोलावणं सोडलं. त्याचंही मला काही वाटलं नाही.

प्रॅक्टिकलला रोल नंबरप्रमाणे जोड्या लावल्या होत्या. माझी पार्टनर माझ्याहूनही मोठी होती. लग्न झालेली, जवळच्याच रिसालीला सासरी राहणारी, एक मुलगी बालवाडीत. बारावीनंतर लगेच लग्न लावून दिलं होतं. आता पाच वर्षांनी सासूला राजी करून कॉलेजात आली होती. ती छत्तीसगढी, माझ्याशी हिंदीत बोलायची. लॅबमध्ये शिरली की साडीचा पदर खोचायची, वरून ॲप्रन चढवायची आणि एक मिनिट वाया घालवायची नाही. मी टेस्ट ट्यूब धुवायची, ती टेस्ट करायची, मग तिच्या जर्नलमधून मी निरीक्षणं उतरवून घ्यायची. असं दोन-तीन महिने चाललं.

डिसेंबरात एके दिवशी मॅडमनी सांगितलं की आज प्रत्येकीने आपापला सॉल्ट, म्हणजे दिलेला क्षार, स्वतः ओळखायचा. माझ्या वाट्याला पांढरी पूड आली. नायट्रेट आहे का ते बघायला टेस्ट ट्यूबमधल्या द्रावणात कडेकडेने तीव्र सल्फ्युरिक ॲसिड सोडायचं असतं, थेंब थेंब, म्हणजे दोन थरांच्या मध्ये तपकिरी कडं दिसतं. ट्यूब होल्डरमध्ये धरायला हवी होती, मी नुसती डाव्या हातात धरली. उजव्या हाताने बाटली वाकडी केली. कडं आलं. ते मी पाहिलं. तरी बाटली सरळ केली नाही. ट्यूब भरत गेली, काठोकाठ भरली, मग ॲसिड वरून वाहून माझ्या बोटांवरून मनगटाकडे गेलं. आधी नुसतं चिकट, तेलकट लागलं. मग गरम. मी बघत उभी होते.

पार्टनरने माझा दंड धरून मला ओढलं, ट्यूब फुटली. तिने माझा हात नळाखाली धरला आणि नळ पूर्ण सोडला. मी हात काढायला गेले तर तिने तो दोन्ही हातांनी दाबून धरला. बराच वेळ. माझी ओढणी, तिची साडी, सगळं भिजलं. मॅडम धावत आल्या, कोणीतरी बाबांना फोन केला. पार्टनर तेवढ्या वेळात एकदाच बोलली, तेही हळू आवाजात.

"मैं यहाँ आने के लिए घर में रोज पूछती हूँ. तेरे को तो घरवाले खुद भेजते हैं. फिर भी तू आती नहीं है. बैठी यहाँ रहती है, पर आती नहीं."

मी तिच्याकडे पाहिलं. तिचे हात थंडीने लाल झाले होते.

बाबा ऑफिसातून अर्धी सुट्टी घेऊन स्कूटरवर आले. हॉस्पिटलात डॉक्टरांनी मलम लावून पट्टी बांधली. हात पाण्याखाली वेळेवर धरला म्हणून बचावला, नाहीतर खोल गेलं असतं, असं ते म्हणाले. बाहेर आल्यावर बाबांनी स्कूटर सुरू केली नाही. स्टँडवर लावलेल्या स्कूटरला टेकून उभे राहिले आणि किल्ली बोटात फिरवत राहिले, एरवी तशी सवय नसताना. मग माझ्याकडे न बघता विचारलं,

"मले एक खरं सांगशील? तू जाणूनबुजून तर नाही नं टाकलं?"

"नाही," मी म्हटलं. पण ते म्हणायला मला वेळ लागला, कारण मी खरोखर आठवून पाहत होते. तो वेळ त्यांनी मोजला असावा.

"मग थांबली कावून नाही?"

"माहीत नाही, बाबा."

त्यांनी मान हलवली. फॉर्म मीच भरला, तुले विचारलं नाही, असं काहीसं पुटपुटले. मी म्हटलं, मी सही केली होती. मग त्यांनी स्कूटर सुरू केली आणि आम्ही घरी आलो. आईने पट्टी पाहिली, दुखून राहिलं का विचारलं. थोडं थोडं दुखत होतं. तसं मी सांगितलं.

पुढच्या रविवारी पार्टनर मुलीला घेऊन आमच्या घरी आली. बुडालेलं प्रॅक्टिकल तिने एका वेगळ्या कागदावर लिहून आणलं होतं. आईने तिला साबुदाण्याची खिचडी दिली, ती स्वयंपाकघरात आईशी बोलत बसली, आणि तिची मुलगी माझ्या पट्टीवर पेनने रेघा ओढत राहिली. मी ओढू दिल्या.

त्यानंतर सगळं बदललं, असं मला लिहिता येणार नाही. बाबा शिफ्ट सुटल्यावर कधीकधी दुर्गला घ्यायला यायचे. मी पास होत गेले, मार्क बरे पडायचे. पण टेस्ट मी स्वतः करायला लागले, पार्टनर माझ्या वाटच्या करायचीच नाही. ती हात बांधून शेजारी उभी राहायची आणि मी चुकले की नुसतं 'च्च' करायची.

तिसऱ्या वर्षी एकदा टायट्रेशन चालू होतं, म्हणजे थेंबाथेंबाने द्रावण सोडून किती लागलं ते मोजणं. माझी दोन रीडिंगं जुळली होती, डिस्टिल्ड वॉटरने फ्लास्क धुऊन तिसरं घ्यायचं होतं, आणि शेजारच्या टेबलावरच्या मुलीने आमचं ते पाणी न विचारता स्वतःची भांडी धुवायला संपवलं. मी तिच्यावर ओरडले. इतक्या जोरात की मॅडम स्टोअर रूममधून बाहेर आल्या. माझे कान तापले होते आणि मला ती पाण्याची बाटली तिच्या हातातून हिसकावून घ्यायची होती. कितीतरी वर्षांत मला असं काही हवंसं वाटलं नव्हतं. पार्टनर तोंडावर ॲप्रनची बाही धरून हसत होती.

संध्याकाळी बाबांना सांगितलं की आज लॅबमध्ये भांडण झालं. ते बूट काढत होते.

"कोणी केलं?"

"मी."

त्यांनी दुसरा बूट काढला, मोजे त्यात कोंबले. "जिंकली का?" त्यांनी विचारलं.

पाणी तर संपलंच होतं, मी म्हटलं. मग आई चहा घेऊन आली आणि मी तिसरं रीडिंग कसं राहून गेलं ते दोघांना पहिल्यापासून सांगू लागले.