नाव ठरण्याआधी रस्सा चढला

हाताला अजून मसाल्याचा वास आहे, तशीच टाइप करतेय. आज सकाळी घरच्या ग्रुपवर पुन्हा तोच वाद. आपला सावजी मसाला विकायचा, हे दिवाळीपासून ठरलंय. अडलंय कुठे? नावावर!

मला थेट आमची काकू आठवली. १९७०च्या सुमाराला नागपुरात आमचा हातमाग बंद पडला. काका रोज संध्याकाळी ओट्यावर मित्रांसोबत खानावळ काढायचे, नुसती तोंडाने. भावसुद्धा ठरले, पण नाव काही ठरेना. सगळा उन्हाळा त्यातच गेला.

एक दिवस काकूने समोरच्या खोलीतला माग सोडवून बाजूला ठेवला. विणताना काका ज्या खड्ड्यात पाय सोडून बसायचे, त्याच खड्ड्यात तिने चूल मांडली.

काका धावत आत आले. "काहून वं, हे काय करून राहिली?"

"तुम्ही बसा नाव ठरवत. मी रस्सा चढवून राहिली."

वासाने गिरणीतून घरी जाणारे दोन कामगार दारात थांबले. काकूने लगेच पाट टाकले.

त्या खानावळीवर आम्ही सगळी भावंडं शिकलो. दारावर पाटी कधी लागलीच नाही. लोक म्हणायचे, "चला, खड्ड्यावर जेवू."

म्हणून आज मी फोन बाजूला ठेवला. दुपारी मसाला भाजला, कुटला, डबे भरले आणि खालच्या मजल्यावर विकूनही आले.

तुमच्या घरचा कोणता धंदा अजून ओट्यावरच बसलाय?