माझा पायगुण, त्यांचा डाव

लग्न होऊन मी औरंगाबादला आले तेव्हा मला एवढंच सांगितलं होतं की मुलगा सरकारी कचेरीत कारकून आहे. तो रविवारी कुणाचाच नसतो, हे कुणी सांगितलं नव्हतं. शहागंजात भाजी घ्यायला उभी राहिले की भाजीवाला आधी विचारी, "साहेबांनी काल किती मारले?" धावा चांगल्या झाल्या असल्या तर मूठभर कोथिंबीर वर टाकी. कमी झाल्या असल्या तर वांगीसुद्धा मला स्वतः निवडून घ्यावी लागत.

हे क्रिकेट खेळायला शिकले ते पोलीस ॲक्शन होऊन निजाम गेला त्यानंतरच्या वर्षांत, छावणीच्या मैदानावर. निवडीसाठी तेव्हा हैदराबादला जावं लागे. यांची जायची वेळ आली तोवर राज्यंच बदलली, मराठवाडा मुंबई राज्यात गेला, आणि पुण्या-मुंबईकडे यांना कोण ओळखणार? त्यामुळे मोठ्या संघात ते कधी गेले नाहीत. पण काथ्याच्या मॅटवर यांच्यासारखा खेळणारा जालन्यापासून नांदेडपर्यंत नाही, असं लोक म्हणत. मला त्यातलं काही कळत नाही. मी लोकांच्या भरवशावर सांगते आहे.

यांचं नाव धावांइतकंच आणखी एका गोष्टीसाठी होतं. चेंडू बॅटला नुसता चाटून मागे झेलला गेला तरी अंपायरचं बोट वर जायच्या आत हे बॅट काखेत मारून निघालेले असत. अंपायरला आवाज आला नसला तरीही. शहागंजात कापडाचं दुकान असलेले यांचे एक जिवलग दोस्त आमच्याकडच्या बहुतेक सामन्यांना अंपायर असत. आमची मुलं त्यांना मामू म्हणत. ते म्हणायचे, "भाभी, हा खेळत असला की मला लई आराम. मी नुसता टोपी घालून उभा राहतो."

मी स्वतः मैदानावर एकदाच गेले होते, लग्नाच्या पहिल्या वर्षी. हातात हिरवा चुडा, नवी साडी, आणि हे पहिल्याच चेंडूवर बाद. यांचा कप्तान सगळ्यांदेखत मला म्हणाला, "वैनी, पुढच्या बारीला घरीच थांबा बरं. तुमचा पायगुण आमच्या टीमला नाय मानवत." सगळे हसले. हेही हसले. मला इतका राग आला की पुन्हा म्हणून त्या मैदानाकडे मी फिरकले नाही. पुढे पोरं झाली, कप्तान बदलले, पण वहिनी आल्या की साहेब जातात ही गोष्ट संघात एकाकडून दुसऱ्याकडे जात राहिली. मी मनात म्हणे, बरं आहे, रविवारी उन्हात बसायचं तरी वाचलं.

मग यांच्या डोळ्यांचं सुरू झालं. आधी चहाच्या कपाचा कान धरताना बोटं जरा बाजूला जात. मग एकदा पैठणच्या स्टँडवर समोर लावलेल्या एसटीची पाटी बघून हे मला म्हणाले, "बघ बरं, ही आपलीच गाडी का?" मी वाचून दाखवली. दुसऱ्याच दिवशी मी विषय काढला. "दवाखान्यात जाऊ," म्हटलं. "मला काय झालंय?" म्हणाले. "मग बॅट तरी खाली ठेवा," म्हटलं. त्यावर हे नुसते बाहेर निघून गेले.

त्यांचंही खरं होतं. ज्याला सारं गाव नजरेचा पक्का म्हणतं, त्यानं मला दिसत नाही असं कसं सांगायचं? पण मला गावाशी देणंघेणं नव्हतं. तेव्हा आमच्याकडे डोक्याला कुणी काही घालत नसे. शेजारच्या गल्लीतल्या एका मुलाचा जबडा चेंडूनं मोडलेला मी पाहिला होता, आणि त्याला तर चांगलं दिसत होतं. दर रविवारी हे परत येऊन दारात चपला काढेपर्यंत मी जेवायला बसत नसे.

अशात चितेगावच्या एका कारखान्याच्या संघाशी सामना ठरला. त्यांच्याकडे एक नवा पोरगा आला होता, आणि तो इतका जोरात टाकतो की कीपर पार लांब उभा राहतो, असं माझा धाकटा मोठ्या कौतुकानं सांगत होता. मी कणीक मळत होते. हात तसेच कणकेत ठेवून मी ठरवलं की उद्या आपण जायचं. आपला पायगुण एवढा वाईट आहे ना, मग तो कधी तरी घरच्यांच्या कामाला येऊ दे.

दुसऱ्या दिवशी पिवळी साडी नेसून मी मैदानावर गेले. तंबूच्या बाजूला बायका बसल्या होत्या, त्यांच्यात जाऊन बसले. हे खेळायला निघतच होते. संघातली पोरं मला बघून अशी कुजबुजली जसा काही साप निघाला, आणि एकानं धावत जाऊन यांना सांगितलं, "साहेब, वैनी आल्यात!" हे थांबले. वळून आमच्या बाजूला बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं. मी मान ताठ ठेवली. मग हे मैदानात गेले.

चितेगावच्या त्या पोराचा पहिलाच चेंडू मॅटवरून उसळून यांच्या हनुवटीजवळून गेला. यांनी मान हलवली, पण चेंडू गेल्यावर. लोक म्हणाले, "वा, काय सोडला!" मी पदराची गाठ मारून देवाला म्हटलं, भोपळा दे पण घरी आण. पुढचा चेंडू ऑफच्या बाहेरून गेला आणि कीपरनं धरला. त्यानं सवयीनं अर्धवट ओरडल्यासारखं केलं, टाकणारा तर मागे वळून चालायलाही लागला होता. अंपायर मामूंनी मान हलवून नाही म्हटलं. आणि हे बॅट काखेत मारून निघाले.

क्षणभर कुणाला काही कळेना. मग सगळं मैदान उठून उभं राहिलं आणि टाळ्या वाजवू लागलं. चितेगावची पोरंसुद्धा वाजवत होती. नवरा शून्यावर बाद झाला म्हणून आनंदानं रडणारी त्या मैदानावर मी एकटीच असेन.

संध्याकाळी मामू आले. खुर्चीत बसले, पाणी प्यायले आणि यांना म्हणाले, "मियाँ, मला काय आवाज आला नाय."

"कान गेले तुझे," हे म्हणाले.

"हौ, कानच गेले असतील," मामू म्हणाले आणि त्यांनी खुर्ची पुढे ओढून यांच्या डोळ्यांत बघितलं. मग हळूच म्हणाले, "माझ्या पोराचा डोळ्यांच्या दवाखान्यात वशिला हाय. उद्या चल." आणि काय आश्चर्य, हे हो म्हणाले! मी महिनोन् महिने घसा कोरडा केला होता, आणि हे दोस्ताच्या एका शब्दावर तयार. पण त्या संध्याकाळी मला कशाचाच राग येत नव्हता.

मोतीबिंदू निघाला. ऑपरेशन झालं, जाड भिंगांचा चष्मा आला आणि खेळ संपला. मग गावानं सत्कार ठेवला. शाल, नारळ, भाषणं. प्रत्येक जण त्याच शेवटच्या डावावर बोलला. अंपायर नाबाद म्हणतो आणि हा माणूस स्वतःहून निघून जातो, असा खरेपणा आता कुठे राहिलाय, वगैरे. मामूंनी तर छातीवर हात ठेवून सांगितलं, "याचं खरं, माझं खोटं." हे शाल पांघरून खाली मान घालून बसले होते. लोकांना तो विनय वाटला.

परत येताना रिक्षात मी विचारलं, "खरं सांगा. लागला होता चेंडू बॅटला?"

"नाय."

"मग?"

"लागायला आधी चेंडू दिसायला नको?" हे म्हणाले. "जन्मात एकदाच खोटं बाद होऊन निघालो, आणि त्याचीच शाल घातली लोकांनी."

"पण त्याच दिवशी का? आधी का नाही?"

"पोरगं सांगत आलं, वैनी आल्यात. म्हणून बघितलं तिकडं. बायका बसलेल्या, सगळ्या एकसारख्या. नुसते रंग. तू कोणती ते मला कळेना. म्हटलं, ज्याला इतक्या वर्षांची बायको ओळखू येईना, तो चेंडू काय ओळखणार? दोन चेंडू बघू म्हटलं, आणि निघालो."

मी म्हटलं, "म्हणजे माझा पायगुणच की."

"तोच," हे म्हणाले. मग चष्मा काढला, सत्काराच्या शालीनं पुसला, पुन्हा घातला, आणि रस्त्यावरच्या दिव्यांच्या उजेडात माझ्या तोंडाकडे नीट बघितलं. मी मुद्दाम हलले नाही.

"आता दिसतेस," म्हणाले. "लई म्हातारी झालीस गं."

इतकं बरं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.