कचरागाडी गप्प राहिली ती सकाळ

खाली कचरागाडीचं गाणं वाजलं की मला नातीची परीक्षा आठवते. विजय नगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये ती विलायती ऑपेरा घोकायची, म्हणजे माइकशिवाय अख्खं थिएटर भरेल इतक्या उंच आवाजात गायचं. मला ते कानाला टोचायचं, खोटं कशाला सांगू. त्या सकाळी परदेशातले मास्तर कॉम्प्युटरवर तिचं गाणं ऐकणार होते. पसंत पडलं तर तिकडच्या शाळेत जागा, नाही तर घरी बसा. ती गायला उभी राहिली आणि खाली गाडी भोंगा लावून आली. मी अनवाणीच जिना उतरले. "भिया, थोड़ी देर गाना बंद कर, ऊपर पोती का इम्तिहान है." ड्रायव्हर म्हणाला, "माताजी, गाना बंद किया तो कचरा लेके कौन आएगा?" म्हटलं, मी आणते सगळ्यांना. त्यानं भोंगा बंद केला आणि मी दारोदार बेल वाजवत सुटले. एवढ्यात वरून तिचा सूर निघाला आणि चढतच गेला. ओल्या-सुक्याचे डबे घेतलेल्या बायका फाटकातच थांबल्या. ड्रायव्हर वर बघत म्हणाला, "अपनी गाड़ी में यही लगवा दो, माताजी." सगळे हसले. मी वर पोचले तर पोरगी पलंगावर नाचत होती. "आजी, घेतलं मला, पक्कं!" यंदा तिला तिकडे नायिकेचं काम मिळालंय. तिनं पाठवलेल्या व्हिडिओत गाणं संपलं की लोक उभे राहून टाळ्या वाजवतात. घरात कोणी बघत नसलं की मीही उभी राहते.