बागेतली कामाची गाडी

परवा पाहुण्यांना आणायला स्टेशनवर गेले होते. त्यांची गाडी दीड तास उशिरा होती, म्हणून पादचारी पुलावर कठड्याला टेकून उभी राहिले. अगदी पलीकडच्या रुळावर एक गाडी उभी होती. जिचं नाव कुठल्या फलकावर लागत नाही आणि जिची वाट कुणी बघत नाही, अशी. रंग उडालेले चार-पाच डबे, एकावर छोटी क्रेन, एकावर रचून ठेवलेले रूळ आणि शेवटच्या डब्याच्या दोन खिडक्यांमध्ये बांधलेल्या दोरीवर वाळत घातलेली बनियनं. आत कुणीतरी स्वयंपाक करत असावं, लसणाच्या फोडणीचा वास वर पुलापर्यंत येत होता. वंगण, तापलेली खडी आणि लसूण. या तीन वासांच्या मिश्रणानं दुसऱ्या कुणाला काय आठवेल कोण जाणे, मला मात्र आमच्या शिवपूरच्या घराची बाग आठवली आणि तिथे गुडघे टेकून बसलेले बाबा आठवले.

बाबांचा जन्म काशीतल्या दुर्गाघाटचा, याज्ञिकाच्या घरातला. ज्या गल्लीत सायकलसुद्धा हातात धरून न्यावी लागते, त्या गल्लीत वाढलेला हा माणूस रेल्वेत गेला आणि जन्मभर रूळ सांभाळत राहिला. गाडी चालवणारे वेगळे, तिकिटं तपासणारे वेगळे. बाबांचं काम म्हणजे रुळाखालची खडी, स्लीपर, भराव, पूल. गाडीत बसलं तरी ते खिडकीबाहेरचा देखावा कधी बघत नसत. डोळे मिटून चाकांचा आवाज ऐकत आणि मध्येच म्हणत, "इथे गिट्टी बसलीय." खडीला आम्ही काशीतली मराठी माणसं गिट्टीच म्हणतो. आमच्या घरच्या मराठीत असे हिंदी शब्द इतके मुरलेत, की पुण्याचे नातेवाईक आले की ते आधी हसतात आणि मग हळूहळू तेच बोलायला लागतात.

निवृत्तीनंतर बाबांनी शहराच्या कडेला, शिवपूरला, छोटं घर बांधलं आणि घराभोवतीच्या बागेत तीन बोटं रुंदीची रेल्वे टाकली. पेरूच्या झाडाखालून निघून लिंबाला वळसा घालून, पाण्याच्या हौदामागून ती परत यायची. बॅटरीवर चालणारं एक इंजिन आणि दोन लाल डबे. शेजारपाजारची मंडळी कौतुकानं बघून जात. आई मात्र कधी व्हरांड्याच्या पायरीखाली उतरली नाही. तिचा राग नव्हता, चेष्टाही नव्हती. ती फक्त येत नसे. असेल एखादीला नावड, असं समजून मी त्याचा कधी विचार केला नाही.

एका सकाळी वानरांच्या टोळीनं हौदामागचा हातभर रूळ उपटून पेरूच्या झाडावर नेला. बाबांनी खाली पडलेले तुकडे गोळा केले, वाकडे झालेले सरळ केले आणि चहा पिताना जाहीर केलं, "आता पॅसेंजर बंद. आधी कामाची गाडी बांधायची."

"ती कशाला?" मी विचारलं.

"पानं पडतात, घुशी भराव पोखरतात, वानरं रूळ उचलतात. लाइन काय आपोआप राहते?"

आणि खरोखर ते महिनोन्‌महिने त्या गाडीत बुडून गेले. मी बँकेतून परतले की रोज काहीतरी नवीन बघायला मिळे. दूधपावडरच्या डब्याचा पत्रा कापून त्यांनी खडीचा डबा बनवला. त्याच्या तळाला सरकती झडप होती, ती ओढली की खडी दोन्ही रुळांच्या मधोमध नेमकी सांडायची. खडी एकसारखी हवी म्हणून ती स्वयंपाकघरातल्या चाळणीनं चाळली गेली, आणि आईनं ती चाळणी मुकाट्यानं बागेला देऊन टाकून नवीन आणली. दुसऱ्या डब्याखाली जुन्या ब्रशांचे केस लावले होते, तो रुळांवरची पानं झाडत जायचा. क्रेनचं दोर गुंडाळायचं रीळ मात्र त्यांना मनासारखं जमेना. मग आम्ही लाकडी खेळणी करणाऱ्या एका कारागिराकडे गेलो. त्यानं लाकूड कातायच्या खरादावर तुकडा फिरवत विचारलं, "बाबूजी, ये खिलौना है कि मशीन?" बाबा म्हणाले, "काम करेगा तो मशीन." कारागिरानं मान डोलावली आणि रीळ पुन्हा एकदा, जास्त काळजीनं घासलं.

मला कुतूहल वाटू लागलं ते शेवटच्या डब्याचं. तो होता कॅम्पचा डबा. रूळ दुरुस्तीचं काम आठवडेच्या आठवडे चाले, तेव्हा साहेब आणि मजूर अशाच डब्यांत राहत. बाकीच्या डब्यांवर बाबांनी खिळान्‌खिळा दाखवला होता, पण या डब्याच्या खिडक्यांना त्यांनी आतून पांढरा कागद चिकटवला होता. छप्पर बसवलं नव्हतं आणि आत काहीच नव्हतं.

"हा रिकामा का?" एका रविवारी मी विचारलं.

"आत काय कुठे होतं, आठवत नाही."

व्हरांड्यात आई मेथी निवडत बसली होती. मान वर न करता ती म्हणाली, "तुम्हाला कसं आठवेल? तुम्ही आत होतात कधी?"

बाबांनी हातातला पाना खाली ठेवला. आई उठली, पदराला हात पुसले आणि पायरी उतरून बागेत आली. डब्यात वाकून बघत म्हणाली, "दाराशी स्टोव्ह. त्याच्यामागे ट्रंक. या बाजूला खाट. आणि या खिडकीखाली माझं टेबल."

तेव्हा मला कळलं, की लग्नानंतरचे पहिले चार महिने आई अशा एका डब्यात राहिली होती. एवढ्या वर्षांत हे माझ्या कानावर आलं नव्हतं. मंगला गौरीच्या देवळाजवळच्या शास्त्र्यांच्या घरातली ही मुलगी संस्कृत एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती, त्या घरातून परीक्षेला बसणारी पहिलीच मुलगी. शहरापासून दोन स्टेशनांवर साइडिंगला, म्हणजे बाजूच्या रुळावर, त्यांचा डबा उभा असे. परीक्षेच्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरनं ती शहरात यायची. पहिला परचा, म्हणजे पेपर, चांगला गेला. दुसरा परचा दोन दिवसांनी होता. आदल्या दुपारी निरोप आला, की वळवाच्या पावसानं पुढे कुठेतरी भराव खचलाय. कामाची गाडी तासाभरात निघणार होती.

"मी पुस्तकं बांधून खाली उतरले होते," आई म्हणाली. "स्टेशनवर बसले असते, सकाळी गाडी धरली असती."

बाबा खालच्या आवाजात म्हणाले, "मी तुला डब्यात बस म्हणालो होतो. शामपर्यंत, अंधाराच्या आत परत येऊ म्हणालो होतो."

"म्हणाला होतात."

गाडी गेली आणि रात्रीतून तिच्या मागचाही भराव बसला. तीन दिवस ना पुढे वाट, ना मागे. बाबा दिवसभर कमरेइतक्या चिखलात उभे, आणि आई मजुरांसाठी चहाची पातेली चढवतेय. मधल्या वेळात ती त्या खिडकीखाली बसून पुढच्या परच्याचा अभ्यास करत राहिली. परत आल्यावर उरलेले परचे तिनं दिले. नापास होणार हे ठाऊक असूनही दिले. पुढच्या वर्षी मी झाले, मग बदल्या, मग आजीचं आजारपण. पुन्हा बसायचं राहिलं ते राहिलंच.

हे सांगताना तिच्या आवाजात तक्रार नव्हती. मी बाबांकडे बघितलं. ते रिकाम्या डब्याकडे बघत होते. "परचा कुठला होता?" त्यांनी विचारलं.

"व्याकरणाचा. माझा सगळ्यात पक्का."

त्यानंतरचे पंधरा दिवस आई रोज बागेत येत होती. बाबा काडेपेटीच्या काड्यांचं टेबल करत, ती म्हणे फार उंच झालं. मग ते पुन्हा करत. निळ्या सुती साडीच्या तुकड्याचा तिनं पडदा शिवला. टेबलावर ठेवायला बाबांनी तांदळाएवढ्या जाडीची चार पुस्तकं कापली. खिडक्यांवरचे पांढरे कागद त्यांनी ओल्या बोटानं खरवडून काढले. दोघं फारसं बोलत नसत. एखाद्या जुन्या वस्तूची जागा नक्की करताना माणसं बोलतात तेवढंच.

गाडी पहिल्यांदा चालवायची ठरली त्या सकाळी हौदामागे पुन्हा थोडी माती सरकली होती, म्हणजे तिला खरोखरचं काम होतं. इंजिन, खडीचा डबा, झाडूचा डबा, क्रेन, रुळांचा डबा आणि सगळ्यात शेवटी कॅम्पचा डबा. बाबांनी बटणावर अंगठा ठेवला तेव्हा आई म्हणाली, "अहो, थांबा जरा. तो डबा काढा. तो इथेच राहू दे."

बाबांनी बटणावरचा अंगठा काढला. त्यांचे गुडघे तेव्हा फार दुखत, तरी ते एक हात जमिनीवर टेकवत खाली बसले आणि सुतळीच्या गाठीएवढी ती कडी सोडवू लागले. कडी दोनदा निसटली. मी पुढे झाले तर त्यांनी मानेनंच नको म्हटलं. शेवटी डबा सुटला. त्यांनी तो हातानं हलकेच मागे ढकलून साइडिंगला नेला आणि चाकाखाली एक खडा लावला. मग गाडी पुढे गेली, पेरूखालून, लिंबामागून, आणि ते तिच्यामागोमाग हळूहळू चालत गेले.

तासभर हौदामागे काम चाललं होतं. आई सुटलेल्या डब्याशेजारी पाटावर बसून होती. ती रडत असेल असं वाटून मी जवळ गेले. ती एका खिडकीला डोळा लावून आत बघत होती. म्हणाली, "कंदील उलट्या बाजूला लावलाय त्यांनी. उजेड डावीकडून यायचा. सांगायला हवं."

आता बाबा नाहीत. आठवड्यातून एकदा आई ती गाडी काढते, पानं झाडते, कुठे खडी कमी झाली असेल तिथे घालते. तो परचा तिला परत मिळाला नाही, मिळणारही नव्हता. कधी कधी मी विचार करते, बाबांनी जन्मभर किती ठिकाणचे खचलेले भराव बांधून काढले असतील. त्यांवरून रोज गाड्या जातात आणि आत बसलेल्यांना तिथे काही खचलं होतं याचा पत्ताही नसतो. घरातल्या भरावाचं मात्र तसं नसतं. तो किती खोल खचला होता, हे दोघांनाही शेवटपर्यंत माहीत असतं. त्या सकाळी बाबा खाली बसले, त्यांनी कडी सोडवली आणि एका बाईचा डबा तिला राहायचं होतं तिथे राहू दिला. त्याला चाळीस वर्षं उशीर झाला होता. पण त्या डब्यासाठी पायरी उतरून आई बागेत येऊ लागली, ती अजून येते.