प्रस्थान ठेवलेली पिशवी

भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी आजवर तोंडावर हसलोय. माझं शिक्षण चौथी. पण सोलापूर ते मोहोळ तीस वर्षं वडापची, म्हणजे शीटावर भाडं घेणारी जीप चालवली, आणि रस्त्यात मला माणसाशिवाय दुसरं काही कधी भेटलं नाही. तरी हे लिहितोय, कारण हे माझ्याच घरात घडलं... किंवा घडलं नाही. तुम्हीच वाचा.

गोष्ट मागच्या हिवाळ्यातली. आमचं घर सोलापुरातच, अशोक चौकाच्या मागच्या गल्लीत. घरात मी आणि आमची मंडळी, मालन. मुलगा प्रकाश पुण्याला. मालननं समुद्र कधी पाहिला नव्हता. लग्न झाल्यापासून मी ‘दाखवतो, दाखवतो’ म्हणत आलो आणि आयुष्यभर जीप मोहोळवरनंच माघारी वळवली. आता तिचे गुडघे गेले. डॉक्टर म्हणाले, पुढच्या वर्षी घराची पायरी उतरणंही अवघड.

मग प्रकाशनं बेत केला. सेल्फ ड्राइव्ह — म्हणजे गाडी भाड्याची, चालवायची आपणच. शुक्रवारी निघायचं. मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर, आंबा घाट उतरून रत्नागिरी, आणि तिथनं समुद्राच्या कडेकडेनं मालवणपर्यंत. मी वहीत सगळे थांबे लिहून काढले. चहा कुठं, डिझेल कुठं.

मालनला शुक्रवार पटेना. तिच्या मते बुधवार चांगला. म्हणून तिनं प्रस्थान ठेवलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो — चांगल्या दिवशी आपली पिशवी शेजारच्या घरी नेऊन ठेवायची, म्हणजे प्रवास त्याच दिवशी सुरू झाला असं धरतात. पिशवी मग घरी परत आणायची नाही. निघताना तिथूनच उचलायची. मालननं तिची हिरवी साडी पिशवीत घातली आणि तीन घरं सोडून राहणाऱ्या शेजारणीकडं, नरसव्वाकडं, ठेवून आली.

"समुद्र काय पळून चाललाय का?" मी म्हणालो.

"त्यो कशाला पळतोय? तुमीच पळता," ती म्हणाली.

गुरुवारी प्रकाशचा फोन आला. "आप्पा, गाडी मी चालवणार बरं का. तुमच्या डोळ्यात मोतीबिंदू, लायसन संपलेलं."

"तुला क्लच कुणी शिकवला रं?"

"तुमीच. आता मागं बसा की निवांत."

"मागं? मी काय वडापातलं पॅसेंजर हाय का? मी चालवणार नसंल तर कुणीच जात न्हाई. कॅन्सल कर!"

त्यानं दोनदा विचारलं. मी दोनदा तेच सांगितलं. मालन आतल्या दारातनं सगळं ऐकत होती. पिशवी मात्र परत आणायला गेली नाही.

शुक्रवार, शनिवार, रविवार — तिन्ही दिवस ती घरात होती. हे मी ठासून सांगतो, कारण मी दारातच खुर्ची टाकून बसलो होतो, फुगून. आम्हा दोघांत बोलणं बंद. तिनं स्वयंपाक केला, मला वाढलं, आणि दुपारभर भिंतीकडं तोंड करून झोपली. उंबऱ्याबाहेर पाऊल नाही.

सोमवारी सकाळी नरसव्वा पिशवी घेऊन आली. अंगापासून लांब धरलेली, खालून पाणी ठिबकतंय.

"मामा, काय ठेवलंय ह्यात? माझी फरशी वली झाली की!"

साडी बाहेर काढली. गुडघ्यापर्यंत भिजलेली, वरती कोरडी. निऱ्यांत वाळू. भीमेची जाड वाळू मी ओळखतो, ही तसली नव्हती. पांढुरकी, पिठासारखी. बोट लावून चाटलं... खारट.

आमच्या गल्लीत नळाला पाणी चार दिवसांआड येतं, त्या आठवड्यात तेही आलं नव्हतं. मी नरसव्वाची खोली बघून आलो. पिशवीची जागा सोडली तर सगळं कोरडं ठणठणीत.

माझा ताठा तिथंच उतरला. प्रकाशला फोन लावला. "पक्या, तू चालव. मी मागं बसतो. ह्याच आठवड्यात न्ये तिला." जन्मात असं कुणाला बोललो नव्हतो.

मालन म्हणाली, "आता कशाला? झालं की जाऊन."

"कुणासंगं?"

"अवं, तुमच्यासंगं. दुसरं कोण चालवतंय?" साडीतली वाळू झटकत ती अगदी साधं बोलत होती. "देवगडच्या म्होरं तुमी गाडी कडंला लावली. हात धरून मला पाण्यात न्येलं. गुडघं दुखलं न्हाईत बगा."

"मालन, मी हितं खुर्चीवर हुतो."

ती हसली. "आन सगळ्या वाटंनं एकदाबी वरडला न्हाईत. म्हटलं, सुधरलं म्हातारं."

त्यानंतर प्रकाश दोनदा गाडी घेऊन आला. ती निघाली नाही. एकदा बघितला तेवढा बास, म्हणते. आता तर तिला पायरी उतरता येत नाही. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, सगळं लख्ख दिसतं, आणि दाखवायला कुणी नाही. प्रकाश म्हणतो तिला स्वप्न पडलं असेल. मग साडी? त्याला सांगता येत नाही, मलाही नाही.

पण साडीचं सोडा. मोहोळपर्यंतचा रस्तासुद्धा मी तिच्यावर न ओरडता कधी काटला नाही. म्हणजे तिला घेऊन गेला तो मी नव्हतो, एवढं नक्की. कोण होता, ठाऊक नाही.

कधी कधी जेवताना ती मधेच थांबते आणि म्हणते, "लई जपून चालवली तुमी."

मी मान खाली घालतो आणि "व्हय" म्हणतो.