माणिकभाऊंचा म्हातारा

पहिली शिफ्ट सुटली की चाकणहून रहाटणीला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये सगळे माना टाकून झोपायचे. जागे फक्त माणिकभाऊ. इअरफोनचं एक टोक स्वतःच्या कानात आणि दुसरं, न विचारता, शेजाऱ्याच्या. शेजारी बहुतेक मीच असायचो. अंग इतकं आंबलेलं असायचं की नको म्हणायचंही त्राण नसे.

त्यांच्या मोबाइलमध्ये एकच अल्बम होता. कारखान्यातल्या आमच्या शॉपमध्ये पत्रा दाबायची प्रेस बसवायला आलेल्या परदेशी साहेबाने जाताना घालून दिलेला. चेलो आणि पियानो, तिसरं कोणी नाही. चेलो म्हणजे बसून, गुडघ्यांत धरून वाजवायचं, घोगऱ्या आवाजाचं थोराड व्हायोलिन. लातूरकडच्या माणिकभाऊंनी त्याचं नाव ‘म्हातारा’ ठेवलं होतं आणि पियानोचं ‘पोरगी’.

“ऐक की! म्हातारा कुरकुर करायलाय, अन् पोरगी कशी समजूत काढायलीय. एक बोललं की दुसरं गप ऐकतंय. आपल्या शॉपमध्ये हाय का असं?”

शॉपमध्ये प्रेसच्या दणक्यात आम्ही हातवाऱ्यांनीच बोलायचो. सगळ्यांचे बोळे कानात, माणिकभाऊंचे खिशात. “कान झाकल्यावर डाय काय म्हणायलीय ते कळावं कसं?” पत्रा फाटायच्या आधीच त्यांना डायचा, म्हणजे पत्र्याला आकार देणाऱ्या साच्याचा, बदललेला आवाज कळायचा, हे खरं. म्हणून सुपरवायझरही काणाडोळा करायचे. त्याचा मला अजून राग येतो.

एकदा मोशीला बस अडकली असताना ते म्हणाले, “आज पोरगी लई हळू बोलायलीय रे.” माझ्या कानात तर पियानो ठणठणीत वाजत होता. मी आवाज वाढवला. काही दिवसांनी पुन्हा वाढवला. शेवटी त्यांना ओढतच डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, कारखान्याच्या आवाजाने बारीक, वरचे सूर आधी जातात, आणि गेलेले परत येत नाहीत.

माणिकभाऊंनी एवढंच विचारलं, “म्हातारा ऱ्हाईल का?”

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले.

गेल्या महिन्यात माणिकभाऊ रिटायर झाले. शाल-नारळ मांडीवर घेऊन बसमध्ये शेवटचे माझ्याशेजारी बसले. त्या दिवशी त्यांनी इअरफोनची दोन्ही टोकं माझ्याच कानात घातली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

“पोरगी हाय का अजून?”

बसच्या घरघरीत बोलून उपयोग नव्हता. शॉपमध्ये ‘लाइन चालू आहे’ सांगायला आम्ही बोट हवेत गोल फिरवायचो, तसं फिरवलं.

“मग बरं,” सीटला डोकं टेकत ते म्हणाले. “म्हातारा एकटा न्हाई.”